सातव्या सिलिंडरची टिकटिक

२१ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी शून्याखाली चार. गॅरेजचं दार गोठून चौकटीला चिकटलं होतं, गरम पाणी ओतून सोडवलं.
बायकोनं, अर्लीननं, नाताळात ही वही दिली तेव्हापासून मी हिच्यात फक्त तापमान लिहीत आलोय. आज चार ओळी जास्त, कारण डोकं तापलंय.
डॉक्टर व्होल्मर आल्या होत्या. केंद्रा व्होल्मर, गुरांच्या डॉक्टर. या टेकड्यांत साठ मैलांच्या आत दुसरा डॉक्टर नाही, त्यामुळे वासरं जन्मायच्या दिवसांत ही बाई घरापेक्षा गाडीत जास्त असते. पांढरा पिकअप ट्रक, मागे औषधांची पेटी, आठ सिलिंडरचं इंजिन.
"डेल्बर्ट, इंजिन टिकटिक करतंय," म्हणाल्या. "गरम झालं की कमी होतं, पण जात नाही."
मी बॉनेट उघडलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. अडतीस वर्षं मी असंच ऐकत आलोय. डेल्बर्ट क्रोकर फोनवरून गाडीचं दुखणं ओळखतो असं लोक म्हणतात, आणि दोनदा खरंच ओळखलंय. आज काहीही सापडलं नाही.
"लोण्यासारखं चाललंय, डॉक्टर."
"अहो, आत्तासुद्धा वाजतंय की!"
"थंडीत सगळंच वाजतं. ऑइल बदलून देतो."
लाइल स्प्रेग खुर्चीत बसून माझी कॉफी पीत होता. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाल्यापासून रोज दहाला येतो. तो काहीतरी बोलला आणि हसला. मीही हसलो. नवी कवळी बसवल्यापासून लाइल तोंडातल्या तोंडात बोलतो.
मी सांगितल्यावरही डॉक्टरांनी मान तिरकी करून इंजिन ऐकलं. त्याचा राग आला, हे खरं.

२६ फेब्रुवारी, रविवार
नवे पाद्री फार पुटपुटतात. प्रवचन कशावर होतं ते घरी येताना अर्लीनला विचारलं तर ती म्हणाली, "धीरावर."
चर्चच्या तळघरात चिली, म्हणजे मांस-घेवड्याची तिखट आमटी, आणि दालचिनीचे रोल. इतका गोंगाट की बोलण्यात अर्थ नाही, सगळ्यांकडे बघून मान हलवत बसलो. अर्लीन हल्ली जेवताना माझ्या उजव्या हाताला बसते. खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं म्हणते. घरीसुद्धा तिनं खुर्ची बदललीय.

२ मार्च
डॉक्टर पुन्हा. टिकटिक पुन्हा. मी पुन्हा ऐकलं, पुन्हा काही नाही. त्यांनी सकाळी फोनवर आवाज भरून आणला होता, तो माझ्यासमोर धरला. फोनवर काय कळणार, नुसता वारा ऐकू येत होता.
"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.
"हो हो. सायलेन्सरचा एखादा बोल्ट तुटला असेल, गॅस निसटत असेल. या इंजिनांत होतं तसं. वासरांची धावपळ संपली की आणा, बघू."
"म्हणजे एवढ्यात काही धोका नाही?"
"नाही."
हा "नाही" मी फार पटकन बोललो.

९ मार्च
वेन्डेल प्राख्तच्या रांचवर पहिलटकर गाय अडली. वासरू उलटं. त्यानं पहाटे डॉक्टरांना फोन केला. चौदा मैल राहिले असताना ट्रक थरथरायला लागला, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला आणि चढावर ताकदच गेली. वीसच्या वर वेग जाईना. त्या पोचल्या तेव्हा वासरू गेलेलं होतं, आणि पंधरा मिनिटांनी गायही गेली.
दुपारी वेन्डेलच्या शेजाऱ्यानं ट्रक ओढून माझ्या दारात आणून सोडला. डॉक्टर त्याच्या शेजारी बसून आल्या. बाह्यांवर रक्त वाळलेलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "शोधून काढा."
एवढंच. मी माझी जुनी गाडी त्यांना वापरायला दिली.
यंत्र आहे, केव्हा काय होईल सांगता येत नाही. असं मी अर्लीनला सांगितलं.

१० मार्च
आज मजा आली. असं लिहायला लाज वाटते, पण आली.
स्कॅनर म्हणतो, सातवा सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे पेटतच नाही. सातवा म्हणजे चालकाच्या बाजूचा सर्वांत मागचा, हात घालायला सर्वांत अवघड. सातव्याची ठिणगी देणारी कॉइल काढून पाचव्याला लावली, पाचव्याची सातव्याला. दोष कॉइलबरोबर गेला असता तर कॉइल खराब. गेला नाही. प्लगची अदलाबदल केली. तरी सातवाच. म्हणजे ठिणगी ठीक आहे, दुखणं खोल आहे.
मग दाब मोजला. सात सिलिंडर एकशे ऐंशीच्या आसपास, आणि सातव्यात फक्त तीस. आत हवाच जात नसेल तर दाबणार काय?
वरचं झाकण काढलं आणि लाइलला किल्ली फिरवायला बसवलं. इंजिन फिरताना प्रत्येक रॉकर व्हॉल्व्हवर डोकं आपटून वर येतो. त्या बाजूला आठ रॉकर. सात खालीवर होत होते, आणि सातव्या सिलिंडरचा हवा आत घेणारा रॉकर ढिम्म बसून होता.
लाइल उठून बघायला आला. "हा का झोपलाय?"
तो गंमत म्हणून म्हणाला आणि मग मला वाटलं, अगदी बरोबर विचारलं त्यानं. या इंजिनाला झोपायची सोय आहे. सपाट रस्त्यावर आठही सिलिंडर लागत नाहीत, म्हणून पेट्रोल वाचवायला संगणक त्यातले चार झोपवतो. त्या चारांत सातवा येतो. त्यांचे टॅपेट, म्हणजे कॅमच्या फिरत्या दांड्याची ढकल वरच्या रॉकरपर्यंत नेणारे दट्टे, वेगळे असतात. आत बारीक पिना. ऑइलचा दाब आला की पिना आत सरकतात, टॅपेट दुर्बिणीसारखा आपल्यातच दबतो, आणि कॅम कितीही ढकलत असला तरी ती ढकल व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. दाब गेला की पिना बाहेर, टॅपेट पुन्हा ताठ, सिलिंडर जागा. हा झोपला तो उठलाच नाही.
कारण काय? हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याशिवाय कळणार नाही.

१३ मार्च
हेड उतरवलं. दोन दिवस लागले. दोन बोल्ट गंजलेले, पाठीत उसण भरलीय.
ऑइलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरखाली नखाएवढी जाळी असते. ती काळ्या राळेनं गच्च भरलेली. झोपेचा टॅपेट चुंबकानं वर ओढला. एक पीन आत अडकून बसलेली, सुईनं ढकलली तरी हलेना. आणि टॅपेटच्या पायाशी जी चाकी कॅमवर फिरते, ती एका बाजूला सपाट झालेली. फिरायचं सोडून ती कॅमवर घासत होती. टॉर्च मारून पाहिलं तर कॅमच्या उंचवट्यावर चर.
अर्लीनचं शिवणाचं भिंग आणलं आणि तासभर बघत बसलो. सुंदर वस्तू आहे. पीन बोराच्या बीपेक्षा लहान, आणि तिच्यावर अडीच टनांचा ट्रक.
डॉक्टर दुपारी आल्या. मी भिंग दिलं. त्यांनी टॅपेट तळव्यावर घेतला, फिरवला, नाकाजवळ नेला.
"हे शवविच्छेदनच चाललंय की तुमचं. मरणाचं कारण?"
"मला तुम्हीच सांगा. गाडी उभी असताना इंजिन बंद करता?"
"अजिबात नाही. औषधं गोठतात, पाणी गोठतं. दोन दोन तास चालूच असतं."
"झालं तर. उभ्या गाडीत इंजिन मंद फिरतं, ऑइल कॅमपर्यंत नीट उडत नाही. चाकी कोरडी पडते. त्यात जाळी तुंबलेली."
त्यांना हे पटलं आणि आवडलंही. उलगडा झाला की आवडणारी माणसं असतात. त्या तशा आहेत. मग कॅमच्या चरावर नख फिरवत त्यांनी विचारलं, "हे किती दिवसांचं असेल?"
मी म्हणालो, "सांगता येत नाही."

१४ मार्च
सांगता येतं. चांगलं येतं.
आज ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. घडीघडीत चकाकी, जत्रेतल्या पोरींच्या गालांवर असते तशी. एवढं लोखंड तीन दिवसांत निघत नाही, आणि हे ऑइल मी २१ फेब्रुवारीला नवं घातलेलं. नखाला अडेल असा चर पडायला आठवडे जातात, आणि आवाज केल्याशिवाय तो पडत नाही. म्हणजे मी कान लावला त्या सकाळी टॅपेट वाजत होता.
मग मला कसं सापडलं नाही? स्क्रूड्रायव्हर चुकीच्या जागी धरला? इंजिन गरम होतं? दोन्ही नाही. वहीतलं त्या दिवसाचं पान बघितलं.
लाइलला विचारलं, "त्या दिवशी तू काय म्हणालास आणि हसलास?"
"कुठल्या दिवशी?"
"डॉक्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा."
"म्हटलं, मला इथं खुर्चीत ऐकू येतंय आणि ह्याला कान लावून येत नाही. तू हसलास. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंची चेष्टा करतोयस."
नंतर तो आणखी काही बोलला. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. मी हे किती दिवस करतोय?

१५ मार्च
दोष शोधायची माझी एकच रीत आहे. एक वस्तू बदला, बाकी तशाच ठेवा, बघा काय होतं.
रात्रीची भांडी झाल्यावर अर्लीनला गॅरेजमध्ये नेलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, डोळे मिटले. तिनं माझ्या पाठीमागे बाकावर वस्तू टाकायच्या, मोठे नट, छोटे नट, वॉशर, आणि चाकीच्या बेअरिंगमधून निघालेल्या बारीक सुया. मला ऐकू आलं की मी हात वर करायचा. तिनं कागदावर खुणा करायच्या.
"काय चाललंय हे तुझं, डेल?" ती म्हणाली, पण टाकायला लागली.
मोठे नट दहापैकी दहा. छोटे नट सात. वॉशर दोन. सुया एकही नाही. मग उजव्या कानात कापूस घातला. मोठे नट चार, बाकी काही नाही. म्हणजे डावा जवळपास गेलेला, उजवा बारीक आवाजांना बंद. टॅपेटची टिकटिक बारीकच असते.
मला निकाल इतका नवलाचा वाटला की मी तिला कागद दाखवून समजावत होतो, बघ, जड आवाज पोचतात, बारीक नाहीत, म्हणून मला इंजिन लोण्यासारखं वाटतं! मला सगळीच इंजिनं लोण्यासारखी वाटत असणार. गेल्या वर्षभरात मी कोणाकोणाला "काही नाही" म्हणून परत पाठवलं?
तिथं माझी मजा संपली.
अर्लीनला विचारलं, "तुला माहीत होतं?"
ती खाली वाकून सुया वेचत होती. सगळ्या वेचून झाल्यावर उठली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "चल, गार पडलंय," म्हणाली.

१८ मार्च
नॉर्थ प्लॅटहून सुटे भाग आले. सोळा टॅपेट, नवा कॅम, पॅकिंग, हेडचे नवे बोल्ट. जुने बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. खराब टॅपेट एकच, पण मी सगळेच बदलतोय.
रेडिएटर काढला. जुना कॅम पुढून इंचाइंचानं ओढून बाहेर काढला.

२१ मार्च
बोल्टांची भोकं हवेनं साफ करायला अख्खी सकाळ. भोकात ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना इंजिनच्या ठोकळ्यालाच चीर जाते. हे काम डोळ्यांचं आणि बोटांचं आहे, ते मला अजून येतं.
जेवताना विचार करत होतो, डॉक्टरांना सांगायलाच हवं असं नाही. ट्रक दुरुस्त होतोय. टॅपेट या इंजिनांत जातात, सगळ्यांना माहीत आहे. गावाला कळलं की डेल्बर्टला ऐकू येत नाही, तर कोण गाडी आणेल? लाइल कोणाला बोलणार नाही. बोलला तरी कवळीमुळे कोणाला कळणार नाही, असं मनात आलं आणि हसू आलं. मग आठवलं, लाइलच्या कवळीत काही बिघाड नाही.

२४ मार्च
चालू केलं.
आधी ऑइल भरून, ठिणगी तोडून नुसतं फिरवलं, दाबाचा काटा वर येईपर्यंत. मग ठिणगी जोडली. पहिल्या झटक्यात उठलं. माझ्या कानांना निर्दोष. पण त्यांना ते महिन्यापूर्वीही निर्दोषच होतं. काटे बघितले, स्कॅनर बघितला, तळवा झाकणावर ठेवला, सगळं बरोबर. तरी एक गोष्ट उरत होती.
डॉक्टर ट्रक न्यायला आल्या तेव्हा म्हणालो, "तुमची गाई तपासायची नळी आणलीय का? जरा ऐका आणि मला सांगा."
त्यांनी कानांना नळी लावली आणि सातव्यापासून सुरुवात करून एकेक सिलिंडर तपासला. गाय तपासावी तशी दुसऱ्या हातानं बॉनेट थोपटत. "स्वच्छ. काही नाही." मग नळी गळ्यात टाकून विचारलं, "मला का ऐकायला लावलंत?"
सांगून टाकलं. २१ फेब्रुवारी, २ मार्च, फोनवरचा वारा, वॉशर, सगळं. इंजिन चालूच होतं. त्यांनी आत हात घालून ते बंद केलं.
"मला वाटलं होतं, तुम्हाला माझं ऐकायचंच नाही," म्हणाल्या. "बाईला गाडीतलं काय कळतंय, असं. दोन आठवडे मी त्यावर जळत होते. दुसरीकडे न्यायला हवी होती आणि मी हट्टानं तुमच्याकडेच आणली, तुम्हाला खरं मानायला लावायचं म्हणून."
"मग आता?"
"आता बरं वाटतंय. थोडं. गाय मेलीच आहे ना."
वेन्डेलनं त्या दिवशी गाय गेल्यावर त्यांना घालवून दिलं होतं, हे त्यांनी आत्ता सांगितलं. ज्या डॉक्टरला स्वतःची गाडी धड ठेवता येत नाही तिनं माझ्या गुरांना हात लावू नये, असं म्हणून. तेव्हापासून तो ऐंशी मैलांवरचा डॉक्टर बोलावतो, आणि त्याचं बघून आणखी दोघं. गाडी दोनदा दाखवून आणली होती हे त्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं.
"का नाही सांगितलंत?"
"माणसाची गाय समोर पडलेली असताना मी मेकॅनिकचं नाव घेऊ?"

२५ मार्च
हिमवादळ. कुठेही गेलो नाही. रस्ता बंद होता म्हणून, असं लिहिणार होतो. दुपारी तीनला उघडला होता.

२७ मार्च
वेन्डेलकडे गेलो. अर्लीन म्हणाली येते, मी नको म्हटलं.
तो कुंपणाच्या आत गाईंपुढे गवत टाकत होता. आम्ही शाळेपासून ओळखतो. त्याला गोड बोलता येत नाही आणि मला घोळवून सांगता येत नाही, त्यामुळे वेळ लागला नाही.
"वेन्डेल, त्या दिवशी डॉक्टर उशिरा पोचल्या ती चूक माझी. दोनदा गाडी घेऊन आल्या होत्या. दोनदा मी काही नाही म्हणून परत पाठवली. टॅपेट वाजत होता. मला ऐकू आलं नाही."
"तुला?" त्याचा हात थांबला. "तुला ऐकू आलं नाही?"
"मला ऐकू येत नाही. डावा कान गेलाय. उजवा अर्धा."
त्यानं दाताळ्यानं गवताचा आणखी एक भारा उचलला. गाईंचं हंबरणं, वारा. त्याची पाठ माझ्याकडे होती. पाठमोराच तो काहीतरी बोलला, एक लांब वाक्य. शेवटी आवाज चढला, म्हणजे प्रश्न असावा.
अशा वेळी काय करायचं ते मला पाठ आहे. हसायचं. मान हलवायची. "खरंय" म्हणायचं. बहुतेक वेळा भागतं.
"वेन्डेल," मी म्हणालो, "ऐकू आलं नाही. या बाजूला येऊन सांग."
त्यानं दाताळं कुंपणाला टेकवलं. फाटकातून फिरून बाहेर आला, माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. तोंड इतकं जवळ आणलं की तंबाखूचा वास आला.
"म्हटलं, तिचा नंबर आहे का तुझ्याकडे? रागारागात मी फोनमधून काढून टाकलाय. दोन गाई आजउद्या व्यायच्या आहेत."
मी नंबर सांगितला. तो त्यानं लिहून घेतला आणि एकेक आकडा मोठ्यानं मला वाचून दाखवला. सगळे बरोबर होते.